दोन प्रश्न इंग्रजीत, तिसरा मराठीत

"अहो ताई, धडधाकट तर दिसून राहिल्या तुम्ही. मग हा कुत्रा कशासाठी?"

अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमधल्या एका डेटा सेंटरच्या दारात साइट मॅनेजर वानखेडे मला विचारत होते. मूळचे नागपूरचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. माझ्या पायाशी हेझल, माझी तपकिरी लॅब्रॅडॉर, शांत बसली होती. ती सर्व्हिस डॉग. माझी तब्येत बिघडायच्या आधी तिला वासावरून कळायचं आणि ती माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवायची. आजार कोणता, ते इथेही लिहीत नाही. एकदा सांगितलं की लोक कामाऐवजी माझ्या चेहऱ्याकडेच बघत बसतात.

माझं काम कॅलिब्रेशनचं. म्हणजे क्लायंटचा टेम्परेचर सेन्सर जो आकडा दाखवतो, तो आपल्या तपासलेल्या सेन्सरशी ताडून बघायचा.

अशा कुत्र्याबद्दल इथे कायद्याने दोनच प्रश्न विचारता येतात. अपंगत्वामुळे त्याची गरज आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. दोन्हींची उत्तरं मी गार्डला दिली होती.

"वानखेडे साहेब, मला काय झालंय हे विचारता येत नाही."

"ते इंग्रजीत. मी मराठीत विचारून राहिलो. आपल्या माणसापासून काय लपवायचं?"

मला हसू आलं, पण वाद घालून चालणार नव्हतं. आधीच्या दोन साइट्सनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. आता तिसऱ्यांदा तेच झालं, तर बॉस मला फील्डवरून काढून डेस्कवर बसवणार होता.

"तुमची अडचण नेमकी काय आहे? ते सांगा."

त्यांनी हेझलच्या पाठीकडे बोट दाखवलं. "केस. सर्व्हरमध्ये केस गेले तर मलाच ऐकावं लागते."

हा प्रश्न रास्त होता. मी बॅगेतून हेझलचे चार बूट आणि अंगभर कोट काढला. ती एकेक पाय उचलून देत गेली.

"बाप्पा, माझी नात इतकं ऐकत नाही," म्हणत वानखेडेंनी दार उघडलं.

आत भिंतीवरचा सेन्सर ७२ फॅरनहाइट दाखवत होता, माझा ७५. मी पुन्हा ताडून बघितलं. फरक तोच.

"दिसत तर ठणठणीत होता," वानखेडे म्हणाले. मग हेझलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "चहा घ्या, ताई."

पुढे कितीतरी वर्षं ती साइट माझ्याकडे होती. तिथे हेझलसाठी पाण्याचा वाडगा असायचा. तो प्रश्न मात्र परत कधी आला नाही.

आता हेझल रिटायर झालीये, उन्हात लोळत असते. नवा कुत्रा हुशार आहे, पण बूट घालताना कुरकुरतो. वानखेडेही रिटायर झालेत. फोन करतात. "कंबर कशी आहे तिची? गोळी घेते का? जिना चढते?" कुत्र्याच्या दुखण्याबद्दल किती प्रश्न विचारावेत याला इथे नियम नाही, आणि ते त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

"आणि तुम्ही, ताई?"

"ठणठणीत."

"फोनवर काही दिसून नाही राहिलं," ते म्हणतात.