बंदुकीच्या कानावर अंगठा

शिर्के बाईंसमोर जपून बोलावं लागे. शिवी चालायची, पण कोणी 'लग्नाचा बार उडवला' म्हटलं की त्या हातातलं काम थांबवत. "दारू कोणी भरली? ठासली कोणी?" असं विचारत, आणि उत्तराची वाट न बघता लाटणं बंदुकीसारखं धरून सगळी क्रिया करून दाखवत. एका वेळी नळीत जाते तेवढी दारू म्हणजे बार. ती गजाने दाबायची, ते ठासणं. नळीच्या बुडाशी बारीक भोक असतं, तो कान. कानावर चिमूटभर बारीक दारू ठेवायची, ती रंजक. रंजक पेटली की आग कानातून आत. "आणि आग आत पोचलीच नाही, तर फुसका बार. तुमच्या मंत्रालयात रोज होतो तो," असं म्हणून पुन्हा पोळी लाटायला घेत.

मी हिंगोलीकडच्या खेड्यातली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. यूपीएससीसाठी दिल्लीला आले. ती परीक्षा पास झाले नाही, दुसरी झाले, आणि एका मंत्रालयात नोकरी लागली. मयूर विहारला बाईंच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेतली. बाई एका संग्रहालयाच्या शस्त्रविभागातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. पहिल्याच संध्याकाळी मी बोलता बोलता म्हटलं, आमचे वडील जेवण झालं की तंबाखूचा बार भरतात. शहरातली बाई नाक मुरडेल असं वाटलं होतं. बाई खूश झाल्या.

"अंगठ्याने दाबूनच भरतात ना? बघ, शिपाई गेले, बंदुका गेल्या, बार मात्र तुझ्या वडिलांच्या गालात राहिला." मग म्हणाल्या, "जुनी वस्तू रिकामीच असेल असं कधी धरून चालू नये."

त्या शब्दांबद्दलच बोलताहेत, असं मला वाटलं.

खंडेनवमीला मोहिते साहेबांनी आम्हा दोघींना लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या क्वार्टरवर बोलावलं. साहेब माझे वरिष्ठ, आणि बाईंची त्यांच्या घराशी जुनी ओळख. गावाकडच्या वाटणीत त्यांच्याकडे घराण्याची तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडवायची, बंदूक आली होती. तिची दिल्लीतली ही पहिली पूजा. दहाबारा मंडळी जमलेली. लाल कापड घातलेल्या चौरंगावर बंदूक आडवी ठेवली होती, नळीवर झेंडूचा हार. साहेबांच्या पत्नी, वहिनी, नळीच्या तोंडापुढे गुडघ्यांवर बसून तिथे हळदकुंकू लावत होत्या. साहेबांच्या हातात पेटलेलं निरांजन. बुडापासून तोंडापर्यंत नळीला लागून ओवाळायचं, ही त्यांच्या घरची रीत.

बाई दर्शनाला म्हणून वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग खाली बसल्या, अंगठा जिभेला लावून ओला केला आणि बंदुकीच्या कानावर दाबून धरला.

"बाई, हे काय करताय?"

"साहेब, ही रिकामी कोणी केली होती?"

"आजोबांच्या आधीपासून पूजा होतेय हिची. काही झालं का आजवर?"

"ते नाही विचारलं मी. रिकामी कोणी केली?"

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "अरे यार, आमच्या बाई रिटायर झाल्या, पण ड्यूटी काही सुटत नाही." पाहुणेही हसले.

"वहिनी," बाई त्याच आवाजात म्हणाल्या, "तोंडासमोरून उठा. माझ्या बाजूला या."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. बोटावर कुंकू तसंच, आणि जागाही तीच.

"हात काढा बाई. पूजा खोळंबलीय."

"निरांजन बाहेर जाऊ दे, काढते."

"माझ्या घरात तुम्ही मला सांगणार?"

"तुमच्याच घरात. हो."

आता कोणी हसत नव्हतं. साहेबांनी निरांजन तसंच पुढे धरलेलं होतं. बाईंच्या अंगठ्यापासून ती ज्योत वीतभर लांब असेल. नळीच्या दुसऱ्या टोकाला वहिनींचा चेहरा. तुपाचा एक थेंब लाल कापडावर पडला.

"वहिनी, उठा," मी म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ऑफिसात ती नजर पडली की माणसं फाइल उचलून निघून जातात. मी पुन्हा म्हटलं, "वहिनी, उठा."

वहिनी उठल्या. बाईंच्या बाजूला मात्र गेल्या नाहीत. सरळ नवऱ्यापाशी गेल्या, त्याच्या हातातलं निरांजन काढून घेतलं आणि बाल्कनीत गेल्या. मागोमाग मी उदबत्त्या उचलल्या.

बाईंनी मग अंगठा काढला. बंदुकीचं तोंड बाहेरच्या भिंतीकडे वळवलं, बाजूला राहून नळीखाली खोचलेला गज अलगद नळीत सोडला, आणि तोंडापाशी आला तिथे नखाने खूण धरली. बाहेर काढून, खूण तोंडाशी ठेवून, तोच गज नळीवरून आडवा धरला. तो कानापर्यंत पोचायला हवा होता. चांगला चार बोटं अलीकडे राहिला.

"आत बार आहे," बाई म्हणाल्या. "ठासून भरलेला."

"एवढ्या वर्षांची दारू काय पेटणार?" साहेबांचा आवाज आता बसला होता.

"कोरडी राहिली तर पेटते. आणि तुमच्या घराण्याने ही छान जपलीय. तेल लावून, कापडात गुंडाळून."

साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. घरातल्या घरात मिटवू, बिल्कुल बोभाटा नको, बंदूक गावाला पाठवून देतो. बाईंनी ऐकून घेतलं. "गावाला कोण ओवाळणार तिला?" एवढंच विचारलं आणि पोलिसांना फोन लावला. त्यांचा जाणकार माणूस आला. त्याने नळीतून आधी चिंधी काढली, मग शिशाची गोळी, मग काळी दारू. तिची चिमूट त्याने खाली अंगणातल्या फरशीवर लांबून पेटवली. भस्सकन ज्वाळा उठली आणि सगळे एकदम मागे सरले. वहिनी पायरीवर बसून पदराने बोटाचं कुंकू पुसत होत्या. ते कधीच निघालं होतं, तरी पुसत होत्या.

बंदूक पोलिसांकडे गेली. साहेब त्या दिवसापासून बाईंशी बोलले नाहीत. पाहुण्यांसमोर झालेलं त्यांना पचलं नाही, आणि बाईंनीही समजूत काढली नाही. "जीव वाचला त्यांच्या बायकोचा. मान वाचवायचं काम माझ्याकडे नव्हतं," म्हणाल्या.

यंदाच्या थंडीत बाई गेल्या. झोपेतच. तिसऱ्या दिवशी मोहिते साहेब एकटेच फ्लॅटवर आले. फोटोला हात जोडले. निघताना दारात मला म्हणाले, "त्या दिवशी बाई जराही घाबरल्या नव्हत्या, नाही का?"

मी सांगितलं, परतताना मेट्रोचं कार्ड बाईंना पर्समधून निघेना, एवढा हात कापत होता. शेवटी मी काढून दिलं.

"मग अंगठा का नाही काढला?"

"मीही विचारलं होतं. म्हणाल्या, मोहित्यांनी ओवाळलं असतं, आणि वहिनी अजून उठल्या नव्हत्या."

वहिनी खाली गाडीत बसून होत्या. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि त्यांना वर बोलावून घेतलं.