टीव्हीवरचे व्याही

मला आयुष्यात जे जे व्हायचं होतं, ते ते आमचे व्याही काहीही न करता होऊन बसले आहेत. मला नट व्हायचं होतं. बँकेतली नोकरी सांभाळून मी हौशी नाटकं केली, गणपतीत एकांकिका बसवल्या, आरशासमोर स्वगतं म्हटली, आवाज बसू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात कैरीला शिवलो नाही. व्याह्यांनी यातलं काहीएक केलं नाही. त्यांनी वसईजवळच्या पापडी गावात केळी लावली, नारळ उतरवले, वाटेत भेटेल त्याच्याशी वाद घातला, आणि साठी उलटल्यावर एके दिवशी टीव्हीवर दिसू लागले. आता वसईच्या बाजारात आम्ही दोघं निघालो की लोक त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात देतात.

व्याही ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या वाडीवाले. आम्ही रत्नागिरीकडचे, फ्लॅट घेतला म्हणून वसईकर झालेले. त्यांच्या रॉनीने आणि आमच्या मधुराने लग्न केलं, तेव्हापासून हा माणूस माझ्या वाट्याला आला. त्यांच्या मराठीचा मला पहिल्या दिवसापासून त्रास आहे. घरात ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलतात, पण घराबाहेर पडले की वर्षानुवर्षं मिस्सेला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, बायबलचं वाचन केलेली जीभ बाहेर येते. रिक्षावाल्याला ते म्हणतात, "बंधो, आम्हांस वसई गावापर्यंत नेण्याची कृपा कराल काय?" रिक्षावाला घाबरून दोनदा मागे वळून बघतो. आमच्या सौभाग्यवती मात्र भारावून जातात. "भाषा बघा त्यांची! नाहीतर तुम्ही," एवढंच म्हणतात. ते 'नाहीतर तुम्ही' मला अजून पचलेलं नाही.

शिवाय समोरच्याचं गाव कळल्याशिवाय ते पुढचं वाक्य बोलत नाहीत. एकदा माझी दाढ ठणकत होती म्हणून ते मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर जळगावचा निघाला. झालं! केळ्याच्या जातींवरून दोघांची अशी जुंपली की खुर्चीत आ करून पडलेल्या माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. शेवटी डॉक्टरने वसईची राजेळी थोर असं कबूल केलं, तेव्हा कुठे माझी दाढ निघाली.

अशा माणसाला मी शेजारच्या नायगावला, स्टुडिओत घेऊन गेलो, हेच मुळात माझं चुकलं. तिथे एका नव्या विनोदी मालिकेसाठी नट निवडत होते. सोसायटीत समोरासमोर राहणारी दोन कुटुंबं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. सण, मासळी, भाषा, पाहुणे, कशावरूनही त्यांची भांडणं. हिंदू बापाच्या भूमिकेसाठी मला बोलावणं आलं होतं. व्याही गाडी घेऊन सोबतीला आले आणि बाहेर बाकावर सुकेळी, म्हणजे त्यांच्याच वाडीतली वाळवलेली केळी, खात बसले. मी आत जाऊन जीव ओतून वाचलं. दिग्दर्शक तरुण पोरगा होता. "छान. कळवतो," म्हणाला. बाहेर आलो तर त्याचा सहायक व्याह्यांना ख्रिस्ती बापाचे संवाद दाखवत होता. बहुधा वेळ जावा म्हणून.

"हे कोण बोलतो?" व्याह्यांनी विचारलं. "'क्या मॅन, हम चर्च को जाता है'?"

"तुमच्या समाजाचे काका, सर."

"कुठल्या गावचे?"

"वसईचेच."

"मग ते मराठीत बोलतील. आणि चर्चला म्हणणार नाहीत. आम्ही देवळात जातो म्हणतो."

एव्हाना दिग्दर्शकही बाहेर आला होता. "अहो काका, देवळात म्हटलं तर प्रेक्षक गोंधळतील ना!"

"गोंधळू द्यात की. गोंधळले तर विचारतील. इतकी वर्षं कुणी विचारलंय कुठे?"

दिग्दर्शकाने सहायकाच्या हातातले संवाद घेऊन त्यांच्या हातात ठेवले. परतताना ते गाडी चालवत होते आणि मी खिडकीबाहेर मिठागरं बघत होतो. ख्रिस्ती बापाची भूमिका त्यांना मिळाली होती. माझी ठाण्याच्या एका नटाला मिळाली.

मालिका चालली. व्याह्यांचं 'आम्ही देवळात जातो' पोरांच्या तोंडी झालं. आमच्या सोसायटीने त्यांचा सत्कार ठेवला, आणि मी चांगला बोलतो म्हणून प्रास्ताविक मला दिलं. हेही मी गिळलं असतं. पण पुढे मालिकेत लग्नाचा भाग आला. ख्रिस्ती घरातला मुलगा, हिंदू घरातली मुलगी. लेखकाने दोन्ही बापांची आरडाओरड लिहिली होती. व्याह्यांनी ती वाचली आणि आमच्या घरी प्रत्यक्षात काय झालं, ते सेटवर सगळ्यांना सांगून टाकलं. लेखकाने तेच उचललं.

झालं ते असं. पोरांनी लग्नाचं सांगितल्यावर व्याही राजेळीचा घड घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आले. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. चहा आला, संपला. मग ते म्हणाले, "पोरं शहाणी आहेत. आपण वेडे आहोत का, तेवढं ठरवू या." मी चष्मा पुसत म्हटलं, "मी थोडा आहे." ते गदगदा हसले आणि लग्न ठरलं. आता हा प्रसंग, माझ्या घरातला, माझ्या सोफ्यावरचा, माझ्या वाक्यासकट, तो ठाणेकर करणार होता. जगात कुणाचा मत्सर करायला एवढं सबळ कारण कुणाला मिळालं नसेल.

चित्रीकरणाच्या आदल्या दुपारी व्याही आले. "व्याहीबुवा, वाडीत चला. तो ठाणेकर तालमीत ढसाढसा रडतो. तुम्ही कुठे रडला होतात? मला एकदा नीट करून दाखवा."

वाडीत विहिरीजवळ दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो. त्यांनी त्यांचं वाक्य म्हटलं. मी चष्मा पुसला, "मी थोडा आहे" म्हटलं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. पण या वेळी ते हसलेच नाहीत. केळीच्या पानांकडे बघत हळूच म्हणाले, "खरं सांगू? त्या दिवशी मला धास्ती वाटत होती. आमच्या देवळात तुमची पोर एकटी पडेल. तुमच्या आरतीला माझा पोर दाराशीच उभा राहील. दोघं कुठलेच उरणार नाहीत."

"मलाही हेच वाटत होतं," मी म्हटलं. पाटाचं पाणी वाहत होतं.

तो भाग आम्ही सगळ्यांनी त्यांच्याच घरी पाहिला. चहा झाला, दोन्ही वाक्यं झाली, मोठं हसू झालं. मी पुढच्या, त्या धास्तीच्या वाक्याची वाट बघत होतो. ते आलंच नाही.

"कापलं का हो त्यांनी?" मी हळूच विचारलं.

"मी बोललोच नाही."

"का?"

व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना माझंच गाव विचारलं आहे. "त्या ठाणेकराला कशाला सांगू?"

आत रॉनी आणि मधुरा कशावरून तरी हसत होती. पडद्यावर तो बिचारा माझा सोफा, माझा चष्मा आणि माझं वाक्य घेऊन हुंदके देत होता, आणि मला पहिल्यांदाच त्याची थोडी कीव आली.