मोजताना बोलायचं नाही

आमचे हे मोटर वाइंडर. जळलेल्या मोटारीतली जुनी तार काढायची, तिचे वेढे मोजायचे आणि नव्या तांब्याच्या तारेचे तेवढेच वेढे फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, गुंडाळून ती कॉइल मोटारीत बसवायची, हा धंदा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, मध्ये एक पडदा. व्हार्निशचा वास चोवीस तास आत. लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवस डोकं दुखलं, आणि पुढे माहेरी गेले की तो वास नाही म्हणून झोप येईना.

वेढे हे तोंडानं मोजतात. डाव्या हातात तार, उजव्या हातात यंत्राची मूठ, आणि एक, दोन, तीन. यंत्राबरोबर मोजणारा काउंटरही आला होता, तो यांनी पहिल्याच दिवशी काढून ड्रॉवरमध्ये टाकला. "काउंटर फसवतो, तोंड फसवत नाही," म्हणाले. त्यामुळे घरात नियम एकच: मोजताना बोलायचं नाही. आकडा चुकला की अख्खी कॉइल उलगडायची, आणि उलगडलेली तार खरवडलेली असते, म्हणजे ती भंगारात. मला कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा मी पडदा धरून शहाण्णव होईपर्यंत थांबले होते. हे मी विसरलेले नाही आणि त्यांनाही विसरू देत नाही.

त्या कळांमधून आली ती ठकी. जन्मल्या जन्मल्या रडायचं सोडून टकामका बघत राहिली, म्हणून ठकी. पाय फुटले तशी दुकानात गेली. बाकाशेजारी एकच स्टूल होतं, ते तिचं झालं. काही विचारायचं असलं की बोट वर करून उभी राहायची, हे मोजता मोजता मान हलवायचे, आणि आकडा संपला की दोघांची बडबड सुरू. तार लाल का, मोटार जळते कशी, जळल्यावर वास आधी येतो की धूर. माझ्याकडे ती भूक लागली की यायची आणि वेणी घालायला यायची. बाकी सगळी बाबांची. मी पडद्याआडून ऐकायची. सख्ख्या नवऱ्याचा हेवा करणारी बाई मी पहिलीच नसेन, पण पोटात दुखायचं हे खरं.

मग ठकी कॉलेजात गेली, इलेक्ट्रिकललाच. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात कॉलेजचं फाटक आतून पाहणारी ती पहिली. शिकणाऱ्या मुलीला घरानं सांभाळायचं कसं, हे आम्हाला कोण सांगणार? जमेल ते केलं. आतली खोली तिला दिली. यांनी भंगारातल्या पाइपचा टेबललॅम्प करून दिला. मी सकाळी डबा द्यायची आणि तिला भांड्यांना हात लावू द्यायची नाही. यांची बहीण येऊन म्हणाली, "वहिनी, नाकापेक्षा मोती जड होईल हं." मी म्हटलं, "होऊ दे, नाक आमचं आहे." आपण फार करतो आहोत, अशा तोऱ्यात होतो आम्ही.

आणि पहिल्या महिन्यातच घरात सर आले. म्हणजे स्वतः नाही आले, ठकीच्या तोंडातून आले.

"बाबा, सर म्हणतात, जुने वेढे मोजायची गरजच नसते. सूत्र आहे. मोटारीची मापं घातली की वेढे किती ते निघतं."

"बरं," हे म्हणाले. त्या एका 'बरं'मध्ये काय होतं ते मला पडद्याआड कळलं. तीस वर्षं हा माणूस काळीठिक्कर तार बोटांनी सोडवून मोजतोय, आणि कोणी एक जण खडू घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, गरजच नसते.

त्यानंतर दर दोन दिवसांनी सर. सर म्हणतात, सर हसले, सरांनी स्वतः मोटार उघडून दाखवली. यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. जेवताना आडून आडून विचारायचे, "घड्याळ घालतो का गं तो? आवाज चढा आहे का?" एकदा तर पंप पोचवायच्या निमित्तानं कॉलेजच्या फाटकाशी तासभर उभे राहून आले. मला हळूच म्हणाले, "टक्कल आहे." त्या दिवशी दोन घास जास्त गेले त्यांना.

पण टक्कल किती दिवस पुरणार? एका संध्याकाळी ठकी दुकानाच्या दारात आली आणि म्हणाली, "बाबा, आज सर..." यांनी मूठ फिरवायला घेतली. "एक, दोन, तीन, चार." ती बोट वर करून उभी राहिली. हे मान हलवेनात. पन्नास झाले, साठ झाले, ती आत निघून गेली. मी चहा द्यायला गेले तर फर्म्यावर तारच नव्हती. रिकामं यंत्र फिरवत, भिंतीकडे बघत बाप आकडे म्हणत होता.

मी कप ठेवला आणि परत आले. पदर तोंडाला लावून हसले. लपवून काय करू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी पडद्याआड जे गिळलं, ते आता यांच्या घशाखाली उतरत होतं. म्हटलं, घ्या, कळू दे कसं लागतं ते.

हे मग रोजचंच झालं. ठकीच्या तोंडून 'सर' निघाला की यांचं 'एक, दोन' सुरू. दुसऱ्या वर्षाचा पहिला निकाल लागला त्या आठवड्यात ती तीनदा दारात उभी राहिलेली मी पाहिली. "बाबा, सर म्हणत होते की..." एक, दोन, तीन. निकालाचं मी विचारलं तर "अजून सगळे कागद यायचेत" म्हणाली. सकाळी वेळेवर जात होती, संध्याकाळी वेळेवर येत होती, डबा चाटूनपुसून रिकामा येत होता. डबा रिकामा असला की आईला वाटतं सगळं ठीक आहे.

आणि एका दुपारी दुकानातला फोन वाजला. यांनी उचलला. ऐकता ऐकता कान लाल होत गेले. फोन ठेवला आणि मला हाक मारली.

"तो टकल्या होता. ठकी तीन आठवडे कॉलेजात गेलेली नाही."

मी चपला शोधायला लागले. मला वाटलं, हेही निघतील. पण हे बाकावर हात आपटून म्हणाले, "माझी पोरगी, आणि मला कळायच्या आधी त्याला कळतं? तो कोण लागतो तिचा?"

"अहो, पोरगी कुठे आहे ते आधी बघा! हेवा नंतर करा!"

"हेवा? मी कशाला हेवा करू?"

"मग रिकामं यंत्र कशाला फिरवता?" मी म्हणाले. चोरी पकडल्यासारखी यांनी मान खाली घातली. मग सरांचं उरलेलं बोलणं सांगितलं. ठकी एका विषयात नापास झाली होती, आणि तो विषय मोटारींचाच. पेपरात वेढे काढायची चार गणितं होती. पोरीनं मोटारीची मापं वाचली आणि लहानपणापासून बाकाशेजारी जे पाहिलं त्यावरून थेट आकडे लिहून टाकले. सूत्र नाही, पायरी नाही, नुसता आकडा. चारही आकडे बरोबर, आणि चारही गणितांना भोपळा. सरांनी तिला सांगितलं होतं: घरी जा, वडिलांना सांग की त्यांचा हात सूत्राइतका पक्का आहे, फक्त तो आकडा कसा आला ते तुला लिहून दाखवता आलं पाहिजे. एकदा त्यांना घेऊन ये, दोघं मिळून तुला समजावू. ती म्हणाली, सांगते. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाली, सांगायला गेले होते, पण बाबा मोजत होते. त्यानंतर ती वर्गात आलीच नाही.

"तेच सांगायला येत होती," हे म्हणाले. "तीन वेळा."

शोधायला निघणार तोच पंपवाला गिऱ्हाईक आला. सोसायटीचा पंप बंद, टाकी कोरडी, तासात मोटार हवी म्हणून छातीवर बसला. मीच निघाले. कॉलेजच्या रस्त्यावर दोन वाचनालयं आणि बसस्टँड. ठकी स्टँडच्या बाकावर बसलेली सापडली, मांडीवर उघडी वही, पान कोरं. मला बघून उठली. रागवायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं, "डबा खाल्लास का?" तिनं मान हलवली. वाटेत ती बोलली नाही, मीही नाही. बोलायची सवय आम्हा दोघींना कधी होती?

घरी आलो तर हे मोजत होते, आणि या वेळी खरं मोजत होते. फर्म्यावर तांब्याची तार भरत आली होती, गिऱ्हाईक दारात नखं खात होता. एकशे सोळा, एकशे सतरा. ठकी उंबऱ्याशी थांबली. बोट वर केलं नाही. सरळ पडद्याकडे निघाली.

"एकशे अठरा," हे म्हणाले आणि तार सोडून दिली. ताणलेली तार सुटली आणि वेढे ढिले होऊन बाकावर सांडले.

"अहो, मोटार!" गिऱ्हाईक ओरडला.

"सर काय म्हणत होते?" यांनी ठकीला विचारलं.

"मोजा ना बाबा. वाया गेली सगळी."

"जाऊ दे. सर काय म्हणत होते?"

ठकीनं वाकून सांडलेली तार गोळा केली. मग हळू म्हणाली, "फर्म्यावर तारच नसायची. मी बघत होते ना. तरी मी थांबायचे साठपर्यंत, वाटायचं आता थांबाल."

यांनी तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं, आपण सुटलो. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "आणि तू हसायचीस, आई. तेही ऐकू यायचं."

तिला काय सांगणार होते मी? की तुझ्या बापाला तुझ्या सरांचा हेवा, मला तुझ्या बापाचा, आणि आमच्या दोघांच्या जळफळाटात नापास तू झालीस? "चुकलं माझं," इतकंच म्हणाले.

गिऱ्हाईकाला यांनी हात जोडून पाण्याच्या टँकरचा नंबर दिला आणि पिटाळलं. मग ड्रॉवर उघडला. खिळे, स्विच, जळक्या पट्ट्या उपसून तळातून तो काउंटर काढला, फुंकर मारली, आणि यंत्राला बसवायला घेतला. आकडा शून्यावर आणला, नवी तार फर्म्यात अडकवली, आणि तोंड मिटून मूठ फिरवायला लागले. तीस वर्षांत पहिल्यांदा ते यंत्र फिरताना दुकानात आकडे नव्हते.

"हं, बोल," हे म्हणाले. "आणि उद्या किती वाजता असतो तो टकल... तुझे सर?"

ठकी रडता रडता हसली. "अकराला," म्हणाली, आणि स्टुलावर बसली. पहिल्या गणितापासून सांगू लागली. मी सवयीनं पडद्यामागे निघाले होते.

"आई, तूही ऐक ना."

दुकानात स्टूल एकच. मी रंगाचा रिकामा डबा उलटा घातला आणि त्यावर बसले. दोघांचं काय चाललं होतं त्यातलं अर्धं मला कळत नव्हतं आणि पोटात थोडं दुखतही होतं, पण उठले नाही.