हौदावरचे झाप

रोह्याजवळ वरसे गावात आमच्या शेजारचे काका कंपनीतून रिटायर झाल्यापासून एकटेच राहतात. थंडीत संध्याकाळी परसातल्या हौदावर नारळाचे झाप घालतात, सकाळी उन्हं आली की ते काढतात आणि वाकून हाक मारतात, "उठलास का रे?"

मुलगा पुण्याला बोलावतो, तर म्हणतात, "पाणी गार पडलंय. माशांकडं कोण बघंल?"

परवा ते तापाने पडले, म्हणून झाप काढायला मी गेलो. एवढ्या हौदात एकच मासा होता. मला बघताच तळाशी पळाला.

मी आत जाऊन म्हटलं, "काका, सोबतीला आणखी दोन आणून सोडू?"

"नको," ते घाईने म्हणाले. "सोबत मिळाली, की माझ्या हाकेला यायचा नाय तो."