तांब्याभर पाणी

आज चाकणला, कंपनीत, पॅकिंग करताना शेजारच्या प्रियाच्या तोंडून विचित्र किंकाळी निघाली आणि ती ताठ होऊन कोसळली. मग हातपाय झटके देऊ लागले, ओठांवर फेस आला. मलाही फिट येते, त्यामुळे ही लक्षणं ऐकून ऐकून पाठ आहेत. मी तिच्या डोक्याखाली ओढणी सारली, झटके थांबल्यावर तिला कुशीवर वळवलं. तेव्हा तिची सलवार ओली झालेली दिसली. बघायला सगळे जमत होते. कुणाच्या लक्षात यायच्या आत मी टेबलावरची पाण्याची बाटली उचलून तिच्या मांडीवर ओतून टाकली.

"अहो ताई, पाणी तोंडावर मारतात!" कुणीतरी ओरडलं.

हेच वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू. रहाटणीचं घर बायकांनी भरलेलं, अत्तराचा आणि ओल्या हरभऱ्याचा वास. तिथंच मला फिट आली; भानावर आले तेव्हा कमरेपासून खाली चिंब होते आणि शेजारी रिकामा तांब्या घेऊन सासूबाई बसल्या होत्या.

"अहो, पाणी तोंडावर मारायचं!" बायका त्यांना म्हणत होत्या.

मी सगळ्यांदेखत सासूबाईंवर खेकसले, "नव्या साडीचा पार सत्यानाश केलात!" पुढं कित्येक वर्षं मी त्यांना धांदरटच म्हणत आले.

"चुकलं बाई माजं," एवढंच त्या तेव्हा बोलल्या. आणि दुसऱ्या कुणालाही हात लावू न देता, स्वतःच्या पदरानं ती फरशी पुसत राहिल्या.