बाबांच्या बरणीवरचा शब्द

मंडळी, बाबांना जाऊन आज महिना झाला. सकाळी त्यांचं कपाट आवरायला घेतलं.

बाबा कारंजा गावात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. घसा बसला की चघळायच्या गोळ्या ते हातानं करायचे. ज्येष्ठमधाची पूड डिंकाच्या पाण्यात मळायची, लाटायची आणि पितळी साच्यानं गोल गोल कापायची. मार्केटात हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारून घसा बसलेली माणसं सरळ बाबांकडेच यायची.

कपाटात त्या गोळ्यांची रिकामी बरणी निघाली. चिठ्ठीवर बाबांचं अक्षर: ट्रोचिस्कस. डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेला हा शब्द ते जन्मभर तसाच उतरवत आले. अर्थ मात्र त्यांना माहीत नव्हता.

दिवाळीत मला म्हणाले होते, "तुह्या मोबाइलमंदी पाय बरं, ह्याचा मतलब काय होते."

"पाहतो ना बाबा, थांबा जरा."

नंतर त्यांनी अजून एकदा विचारलं. तेव्हाही मी तेच म्हणालो. मग त्यांनी विचारलं नाही.

आज पाहिलं. मिनिटभरही लागलं नाही. जुना लॅटिन शब्द, ग्रीकमधून आलेला. अर्थ, छोटं चाक. गोळी चाकासारखी गोल असायची म्हणून.

आई गहू निवडत बसली होती. तिला वाचून दाखवलं. तिचा हात थांबला.

"आता कोनाले सांगून राह्यला, बापू?"

तुमच्या घरी कोणी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली आहे का? माझ्या बाबांनी तिसऱ्यांदा विचारली नाही.