उलटा पीळ

मी शिरूरच्या शाळेत पोरांना टकळीवर सूत कातायला शिकवणारा मास्तर. दौंडच्या स्टँडवर एक आबा रोज टकळी घेऊन बसलेले दिसायचे. उसाच्या चरकात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. उरलेल्या दोन बोटांत लोकर धरून ते डाव्या हातानं टकळीला गिरकी द्यायचे. सूत तुटलं की एक शिवी हासडून पुन्हा जोडायचे.

एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, "आबा, डाव्या हातानं पीळ उलटा पडतो. उजव्या हातानं कातलेल्या जुन्या सुताला जोडलंत तर उकलून जाईल."

"ठावं हाय, मास्तर. म्हणून जुनं समदं सूत वाटून टाकलं. आता उलट्या पिळाचंच आख्खं घोंगडं."

शिरूरच्या गाडीत चढताना पाहिलं, सूत पुन्हा तुटलं होतं. आबा जोडत होते.